मशीनमध्ये पावडर किती घालायची? फेसावरून ठरवू नकोस

वाघोलीहून आलेलं पत्र, थोडं आटोपतं करून:

«मावशी, नमस्कार. लग्नानंतर दहा वर्षं आम्ही सांगलीला होतो. गेल्या वर्षी ह्यांची बदली झाली आणि आम्ही पुण्याजवळ वाघोलीला राहायला आलो. घरात सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा आहे. इथे आल्यावर सात किलोचं फ्रंट लोड मशीन घेतलं. पहिले दोन महिने छान गेले. आता टॉवेल वाळले की पापडासारखे कडक होतात आणि अंग पुसलं की कुबट वास मारतात. माझ्या काळ्या कुर्त्यांवर पांढरे पट्टे दिसतात. मुलाची मान सारखी खाजते. काचेतून फेस दिसत नाही, म्हणून आई म्हणतात पावडर कमी पडतेय. दोन चमच्यांचे तीन केले, आता चार घालते. मशीनची पावडर संपली की बादलीची घालते. वर सुगंधी सॉफ्टनरही असतो. तरी आई त्यांची लुगडी मशीनमधून काढून मोरीत पुन्हा धुतात. त्यांचे गुडघे दुखतात, मला बघवत नाही, आणि त्यावरून बोलाचालीही होते. मेकॅनिक म्हणाला, मशीनला काही झालेलं नाही. सोसायटीत बोअरचं पाणी आहे, उन्हाळ्यात टँकर येतो. आम्ही अगदी वरच्या मजल्यावर राहतो. मशीन बदलू का?»

प्रिय मुली,

मशीन बदलू नकोस. त्याचा दोष असता तर पहिले दोन महिने छान गेले नसते. त्या दोन महिन्यांत कपड्यांत आणि ड्रममागे काहीतरी साचत गेलं आणि आता ते दिसायला लागलंय. काय साचलं ते सांगते, पण आधी तुझ्या सासूबाईंची बाजू घेते, कारण फेसाबद्दल त्या जे म्हणतात ते एकेकाळी शंभर टक्के खरं होतं.

त्यांनी धुणं शिकलं ते साबणाच्या वडीवर. साबण आणि जड पाणी यांचं जुनं वैर. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की साबण आधी त्यांच्याशीच चिकटतो आणि त्याचा पांढरट चोथा होतो, बादलीच्या कडेला जमतो तो. पाण्यातले क्षार असे संपले की मगच उरलेला साबण फेस धरतो. म्हणजे फेस आला याचा अर्थ, आता साबण मळ काढायला मोकळा झाला. फेस येईपर्यंत वडी घासत राहायची ही त्यांची रीत अनुभवातून आलेली आणि अगदी बरोबर होती. पुढे पावडरी आल्या. १९५९ मध्ये सर्फ आलं, १९६९ मध्ये अहमदाबादला करसनभाई पटेलांनी निरमा सुरू केली आणि पावडर साध्या घरांपर्यंत पोचली. या पावडरी बादलीसाठी होत्या आणि बादलीत फेस हवाच असायचा. हाताला तो बुळबुळीतपणा लागतो, कपडा चोळताना घसरतो, आणि बाईला समजतं की काम होतंय.

फ्रंट लोडच्या पावडरीत मात्र फेस दाबणारं द्रव्य मुद्दाम घातलेलं असतं. म्हणून काचेतून फेस न दिसणं हे ती पावडर नीट काम करत असल्याचंही लक्षण असू शकतं. मळ काढतो तो फेस नव्हेच. डिटर्जंटच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. ही तेलाला धरणारी टोकं तेलकट मळाला सगळ्या बाजूंनी घेरतात, त्याला कापडावरून उचलतात आणि पाण्यात तरंगत ठेवतात. पाण्यावर हवेचे बुडबुडे किती आहेत याच्याशी या कामाचा संबंध नाही.

आता फेस दाबावा का लागतो, ते मोरी डोळ्यांपुढे आणून बघ. आई कपडा भिजवतात, साबण लावतात, चोळतात, दगडावर आपटतात, पिळतात, खळबळतात. यातलं आपटणं सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या मशीनमध्ये तो दगड म्हणजे ड्रम. ड्रम आडवा फिरतो, आतले उंचवटे कपडा उचलून वर नेतात आणि वरून तो खालच्या ओल्या कपड्यांवर आदळतो. पाणी तळाशी थोडंसंच असतं. कपडे त्यात पोहत नाहीत, पाणी पिऊन जड होतात आणि त्या वजनानेच आपटले जातात. आता तू चार चमचे घातलेस, त्यातही बादलीची पावडर, की ड्रम फेसाने भरू शकतो. कपडा वरून पडतो तो उशीवर पडल्यासारखा. आपटणं संपलं की मळ सुटायचा कसा? आणि तो फेस धुऊन काढायलाही मशीनकडे टॉप लोडइतकं पाणी नसतं. बरीच मशीन फेस जास्त झाला की स्वतःहून वेळ वाढवतात, एखादं जास्तीचं खळबळणं करतात. तुझं धुणं पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेतं का, ते आठवून बघ.

तू म्हणशील, मावशी, पण फेस तर दिसतच नाही. इथे तुझ्या पाण्याचा भाग येतो, आणि तुझ्या पत्रातली खरी गाठ मला तिथेच दिसते.

सांगलीला तुम्ही नळाचं नदीचं पाणी वापरत असाल. नदीचं पाणी सहसा बोअरइतकं जड नसतं. पुण्याच्या भोवती जमिनीखाली काळा पाषाण आहे. पाऊस मुरतो, भेगाभेगांतून झिरपतो, आणि जाता जाता दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम घेत जातो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलंय. सोसायटीने पाण्याची तपासणी केली असेल तर त्या कागदावर ‘टोटल हार्डनेस’ या नावाखाली तुझ्या पाण्याचा आकडा असेल. सेक्रेटरींकडे माग.

कागद नसेल तर स्वयंपाकघरात बघता येतं. सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घे. एकीत आरओचं पाणी, दुसरीत मशीनच्या नळाचं, दोन्ही अर्ध्या भर. साध्या अंगाच्या साबणाचा कीस दोन्हींत सारखाच टाक, चिमूटभर पुरे. झाकण लावून दहा वेळा जोरात हलव. आरओच्या बाटलीत वर दाट फेस उभा राहील. दुसरीत फेस लगेच बसला आणि पाणी दुधासारखं गढूळ झालं, वर पांढरा साका तरंगला, तर पाणी जड आहे. हा प्रयोग आईंच्या समोर कर. मी सांगते, त्या पहिल्या नजरेत ओळखतील, कारण हा चोथा त्यांनी आयुष्यभर पाहिलाय.

पावडरीलाही हे पाणी सोडत नाही. साबणाइतकी नाही, पण तिचीही ताकद आधी क्षारांत खर्च होते, त्यामुळे काचेतून फेसही कमी दिसतो. म्हणून पावडरीत क्षारांना बांधून ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात, धुण्याचा सोडा असतो, झिओलाइट असतं. त्यामुळे ‘पावडर कमी कर’ एवढंच सांगून मला थांबता येत नाही. तुझ्या पाण्याला सांगलीपेक्षा थोडी जास्त पावडर लागणारच आहे. पण थोडी जास्त म्हणजे दुप्पट नव्हे. आणि बादलीची पावडर तर मशीनमध्ये एक चमचाही नको.

तुझ्या टॉवेलांत आता तीन थर बसलेत. सोड्याशी मिळून पाण्यातल्या कॅल्शियमचा बारीक चुना होतो आणि तो धाग्यांत अडकतो. त्यावर न धुतली गेलेली पावडर बसते. त्यावर सॉफ्टनर. सॉफ्टनर कापडातलं काही काढत नाही. तो धाग्यावर मेणचट लेप देतो, म्हणून हाताला मऊ लागतो. टॉवेलचं काम पाणी शोषण्याचं, आणि तो लेप नेमकं तेच बिघडवतो. मग टॉवेल नीट वाळत नाही, अंगाचं तेल त्या थरात धरून ठेवतो, आणि ओल लागली की वास येतो. टॉवेलला सॉफ्टनर कायमचा बंद कर. बाकी कपड्यांनाही मी तो फारसा घालत नाही. घालायचाच असेल तर फुलाचं चिन्ह असलेल्या खणातच घाल. पावडरीबरोबर एका खणात गेला तर दोघं एकमेकांना चिकटतात आणि दोन्ही वाया जातात.

काळ्या कुर्त्यांवरचे पट्टे बहुतेक पावडरीचेच आहेत. झिओलाइट पाण्यात विरघळतच नाही, बारीक धुळीसारखं राहतं आणि ते नीट खळबळून जावं लागतं. शिवाय तू ‘क्विक’ वर धूत असशील तर पंधरा मिनिटांच्या गार पाण्यात पावडर विरघळायलाही वेळ मिळत नाही. गडद रंगांसाठी फ्रंट लोडचं लिक्विड आण, कपडे उलटे करून टाक. खणात लिक्विडसाठी छोटी पट्टी असते, काही मशीनमध्ये ती खाली सरकवावी लागते, ती नसली तर लिक्विड धुणं सुरू व्हायच्या आधीच वाहून जातं. पांढऱ्या आणि मळक्या कपड्यांसाठी मात्र पावडरच ठेव. पांढरेपणा राखणारं ऑक्सिजनचं ब्लीच पावडरीत असतं, लिक्विडमध्ये ते टिकत नाही म्हणून सहसा नसतं.

तू अगदी वरच्या मजल्यावर राहतेस हे लिहिलंस ते फार बरं केलंस. टाकी जवळ असली की नळाला दाब कमी असतो. पाण्याची धार बारीक आली तर खणातली पावडर नीट वाहून जात नाही, अर्धी तिथेच लगदा होऊन बसते आणि पुढच्या पाण्याला थोडी थोडी सुटते. अगदी शेवटच्या खळबळण्यालासुद्धा! खण बाहेर ओढून बघ, चिखल असेल. टँकरच्या पाण्यात गाळ असतो, तो मशीनच्या मागच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत अडकतो आणि आधीच कमी असलेला दाब आणखी कमी होतो. नळ बंद कर, मशीनचा प्लग काढ, नळी फिरवून सोडव, जाळी पकडीने हलकेच ओढून जुन्या टूथब्रशने धू. माझ्याकडे एकदा मशीन पाणीच घेईना. आलेल्या माणसाने भाग बदलायला सांगितला होता. भाग मागवायच्या आधी मी ही जाळी काढून पाहिली, ती लाल मातीने गच्च भरली होती. धुतली, मशीन चालू झालं. तेव्हापासून टँकर सुरू असेपर्यंत दर महिन्याला काढते.

आता करायचं काय ते सांगते. एक रविवार यासाठी ठेव.

आधी मशीन. खण पूर्ण काढून कोमट पाण्यात घास, तो बसतो त्या पोकळीतही ब्रश फिरव, वरच्या बाजूला काळी बुरशी सापडेल. दाराच्या रबराची घडी उलटून आतून पुस, तिथे केस, नाणी आणि काळा थर असतो. खाली छोट्या झाकणामागे पाणी बाहेर जाण्याची गाळणी आहे. मशीन बंद असताना, आतलं पाणी गार असताना, खाली ताट ठेवून ती उघड आणि धू. मग ड्रम रिकामा ठेवून त्यात मशीनसाठी मिळणारी क्षार काढायची पावडर घाल आणि ड्रम स्वच्छ करण्याचा प्रोग्रॅम लाव, तो नसेल तर सगळ्यात गरम पाण्याचा. कुबट वासाचं मूळ ड्रमच्या बाहेरच्या टाकीत असतं, आपल्याला दिसत नाही तिथे. जास्तीची पावडर, अंगाचं तेल आणि सतत गार पाण्याचं धुणं यांचा तिथे चिकट थर होतो. एवढ्यानेही वास गेला नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा कर. आणि धुणं झालं की दार आणि खण दोन्ही उघडे ठेव. घरात लहान मूल आहे, म्हणून दार उघडं असताना त्याच्यावर लक्ष असू दे, झोपताना न्हाणीघराचं दार लावून घे.

एक गोष्ट जपून. क्षार काढायची पावडर, सायट्रिक ॲसिड, व्हिनेगर, यातलं काहीही क्लोरीनच्या ब्लीचबरोबर कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीनचा वायू निघतो, बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. ब्लीचची बाटली आणि या वस्तू वेगवेगळ्या फळीवर ठेव, आईंनाही सांगून ठेव.

मग कपडे. धुतलेले टॉवेल आणि मुलाचे कपडे ड्रममध्ये टाक, पावडर अजिबात घालू नकोस, ४० अंशांवर लाव आणि खुर्ची घेऊन आईंबरोबर काचेसमोर बस. पाणी भरलं, ड्रम फिरायला लागला की फेस दिसेल. पावडर न घालता! तो महिनाभर कपड्यांत राहिलेला साबण आहे. आईंचा विश्वास माझ्या बोलण्यावर बसणार नाही, तुझ्या बोलण्यावर तर नाहीच, पण या फेसावर बसेल. फेस येईनासा होईपर्यंत दोन-तीन वेळा असंच धू. शेवटच्या वेळी सॉफ्टनरच्या खणात चहाचा एक चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूसत्त्व, अर्धी वाटी पाण्यात विरघळवून घाल. धाग्यांतला चुना त्याने सुटतो. टॉवेल पहिल्यासारखे व्हायला काही धुणी जावी लागतील, एकदम नाही होणार.

त्यानंतर नवं माप. पाकिटाची मागची बाजू वाच, फ्रंट लोडसाठीची ओळ शोध. तिथे ग्रॅम लिहिलेले असतात आणि आपण चमचे मोजतो, घोटाळा तिथेच सुरू होतो. प्रत्येक पाकिटातला चमचा वेगळा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा तेवढे ग्रॅम मोज, ते तुझ्या चमच्यात कुठवर येतात तिथे मार्करने रेघ मार. पाकिटावर जड पाण्याचं वेगळं माप दिलं असेल तर ते घे. तुझी बाटली दुधाळ झाली असेल आणि वेगळं माप दिलेलं नसेल, तर नेहमीच्या मापाला चहाचे दोन चमचे वाढवून सुरुवात कर, त्याहून जास्त नाही. मशीन अर्धंच भरलं असेल तर पावडर निम्मी करायची नाही, दोन तृतीयांश ठेवायची, कारण कपडे निम्मे झाले तरी पाणी आणि त्यातले क्षार तेवढ्या प्रमाणात कमी होत नाहीत.

मग दोन आठवडे शेवटच्या खळबळण्यावर लक्ष ठेव. त्या पाण्यात फेस दिसला तर पुढच्या वेळी चहाचा एक चमचा कमी. कॉलर तेलकटच राहिली, पांढरे करडे दिसायला लागले, तर एक चमचा जास्त. वाळलेल्या कपड्याला नाक लावून बघ, कसलाच वास यायला नको. पावडरीचा सुद्धा नको. टॉवेलवर पाण्याचा थेंब टाक, तो लगेच मुरला पाहिजे. असं करत करत तुझ्या घरचं माप सापडेल. ते माझ्या घरच्या मापासारखं असणार नाही, शेजारणीच्याही नाही.

कपडे किती भरायचे? सात किलो म्हणजे सात किलो कोरडे सुती कपडे, आणि तेही सुती कपड्यांच्या प्रोग्रॅमवर. इतर प्रोग्रॅमना त्याच्या निम्म्याच्या आसपास. वजन करत बसू नकोस. कपडे टाकल्यावर वरती हात आडवा सहज गेला पाहिजे. गच्च भरलं तर वरून पडायला जागाच नाही, आणि पुन्हा तेच, आपटणं नाही. टॉवेल, चादरी, मुलाचे कपडे आठवड्यातून एकदा ४० अंशांवर धू, बाकी रोजचं गार पाण्यात चालेल. पाणी तापवायलाच मशीनची बहुतेक वीज जाते, म्हणून सगळंच गरम लावायची गरज नाही. पण कायम गार पाणी ठेवलंस तर तो ड्रममागचा थर पुन्हा येईल.

मुलाच्या मानेबद्दल. साबण राहिलेल्या कपड्याने कोवळी कातडी खाजू शकते, आणि कॉलर-मानेवर घाम असतो तिथे जास्तच. त्याच्या कपड्यांना सॉफ्टनर नको, सुगंधी पावडरही नको, आणि ‘एक्स्ट्रा रिन्स’ चं बटण नेहमी दाबत जा. पण खाज इतरही कारणांनी येते. हे सगळं होईपर्यंत वाट बघू नकोस, याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना मान दाखव आणि पाण्याबद्दल, पावडरीबद्दल त्यांना सांग.

आता आई. त्यांची लुगडी मशीनमधून पुन्हा मोरीत जातात हे वाचून मला वाईट वाटलं, तुझ्यासाठीही आणि त्यांच्यासाठीही. पण बघ, त्या चुकत नव्हत्या. लुगड्यात साबण राहतोय हे त्यांच्या हाताला कळत होतं. मशीनवरचा त्यांचा अविश्वास खरा होता, फक्त उपाय उलटा निघाला. हे त्यांना सांग. ‘तुम्ही म्हणत होता तेच बरोबर होतं, कपडे नीट निघत नव्हते’, या शब्दांत सांग. त्यांच्याकडे असलेलं ज्ञान मशीनला नाही. कॉलर आणि बाह्यांच्या कडा मशीन कधीच नीट काढत नाही, तिथे आधी हातानेच साबण लावावा लागतो. आईंना मोरीत वाकायला लावू नकोस. स्टुलावर बसून, समोर पाट ठेवून, वडी ओली करून कॉलर चोळायची आणि मग ड्रममध्ये. एवढंसं काम, पण धुण्यातलं सगळ्यात नेमकं. वडी मात्र पातळ लावा, जाड थर राहिला तर तोही फेसात जातो.

डागांचंही त्यांना विचार. रक्त, दूध, अंडं यांचे डाग आधी गार पाण्यात, हे त्यांना माहीत असेल, गरम पाण्याने ते कापडात शिजतात. हळदीचा डाग साबण लागला की लालभडक होतो आणि नव्या सुना घाबरतात. साबण किंवा चुना यांसारखा अल्कधर्मी पदार्थ लागला की हळद लाल होते, हळदीत चुना मिसळून कुंकू करतात तेही यामुळेच. तो डाग धुऊन कडक उन्हात टाकला की फिका पडत जातो. उन्हासारखं औषध हळदीला दुसरं नाही. ते काम मशीनच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये नाही. गच्ची वापरता येत असेल तर वरच्या मजल्यावर राहण्याचा हा एक फायदा घे.

बाटलीचा प्रयोग फारच वाईट निघाला, पाणी पार दह्यासारखं फुटलं, तर मशीनच्या नळाला लावायचं, पाण्याचा जडपणा काढणारं छोटं यंत्र बघ. त्यालाही सॉफ्टनरच म्हणतात, पण कपड्यांच्या सॉफ्टनरशी त्याचा संबंध नाही. ज्यात राळेचे मणी असतात आणि मीठ घालून ते पुन्हा ताजे करतात, तसं घे, कारण ते कॅल्शियम, मॅग्नेशियम खरंच काढून घेतं. मीठ घालायला विसरलं तर मात्र त्याचा उपयोग शून्य. असं यंत्र लावलंस तर पावडरीचं माप लगेच खाली आण, नाहीतर या वेळी फेस खरोखरच काचेपर्यंत येईल. सोसायटीच्या सभेत सगळ्या इमारतीसाठी एकच मोठं यंत्र बसवायचा विषयही काढून बघ. तुझ्याच घरचे टॉवेल कडक होत नसतील.

आणि जास्तीच्या पावडरीचं एक मला मनापासून सलतं. ती मोरीतून जाते कुठे? आळंदीला इंद्रायणीवर साचलेला पांढरा फेस आपण बातम्यांत बघतो. त्यात कारखान्यांचं पाणी आहे, तसं प्रक्रिया न करता सोडलेलं घराघरांतलं सांडपाणीही आहे. तुझे दोन चमचे कमी झाले तर त्या नदीला फार फरक पडणार नाही, हे मला कळतं. तरीही ते कमी व्हावेत असं मला वाटतं.

पाऊस चांगला झाला आणि टँकर बंद झाला की पाणी बदलेल. तेव्हा पुन्हा ती बाटली हलवून बघ, रेघ खाली आणावी लागेल कदाचित. मुलाची मान कशी आहे आणि आईंची लुगडी मशीनमधून थेट दोरीवर जायला लागली का, ते मला नक्की लिही.

तुझी,
मावशी